लगामाची भाषा

घोड्यावर लेख लिहीत आहे असे कळल्यावर वसतिगृहातील मित्रांनी माझी यथेच्छ थट्टा केली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने संतवाङ्मयावर लिहावे, नवकथेवर लिहावे. हे घोड्याचे मध्येच काय, असा त्यांचा सवाल. त्यांचे खरे आहे. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या धामणगाव बढ्याच्या घरी, दारातच बांधलेला होता.

आमच्या घरी वरातीची घोडी आहे. आबांच्या तरुणपणापासून मोताळा-मलकापूर भागातील लग्नांना आमच्याकडची घोडी जाते. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत लगाम माझ्या हातात होता. बँड टिपेला पोचला, फटाक्यांची माळ फुटली आणि घोडी मागे सरू लागली. मी घाबरून दोन्ही हातांनी लगाम खाली खेचला. ती मागच्या पायांवर उभी राहिली, नवरदेव खाली आला व त्याच्या मनगटाचे हाड मोडले. लग्न लागले ते प्लास्टर घालून. घोडी खोडकर आहे, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात विकून टाकू, असे घरात ठरले. त्या दिवशी सर्वांनी घोडीला दोष दिला, मीही दिला.

पुढे आठ दिवसांनी माझा मावसभाऊ आला. तो पशुवैद्यकाचा विद्यार्थी असून एन.सी.सी.च्या अश्वपथकात घोडेस्वारी शिकला आहे. त्याने घोडीचे तोंड उघडून मला दाखविले. घोड्याच्या पुढच्या दातांच्या व दाढांच्या मध्ये, जबड्यावर बिनदातांची एक जागा असते. लगामाची कडी तेथेच टेकते. तेथे हाडावर फक्त पातळ कातडीचे आवरण असते. आमच्या घोडीच्या त्या जागेवर दोन्ही बाजूंना जखमा होत्या. आमचा लगाम काटेरी होता. असा लगाम वापरण्यास आपल्या देशात १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, हे मला तेव्हा प्रथमच कळले. वेदनेपासून सुटण्यासाठी घोडीला वर जाण्यावाचून वाट नव्हती आणि ती वाट मीच बंद करीत होतो. दत्तजयंतीस सहा-सात महिने उरले होते. तेवढ्या अवधीत मी जे वाचले, पाहिले व करून पाहिले, त्याचा सारांश प्रस्तुत लेखात देत आहे.

ड्रेसाज म्हणजे काय?

‘ड्रेसाज’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ शिक्षण देणे, वळण लावणे असा आहे. मोठ्या स्पर्धांत ६० मीटर लांब व २० मीटर रुंद अशा सपाट मैदानात घोडा व स्वार ठरलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवितात. चालणे, दुडकी आणि कॅन्टर या तीन गती त्यात येतात. चालण्यात चार ठोके ऐकू येतात, दुडकीत दोन व कॅन्टरमध्ये तीन. कान देऊन ऐकले तर वृत्तांच्या गणांप्रमाणे ते ओळखू येतात. परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. घोड्याच्या अंगावर ताजे रक्त दिसले तर तो बाद होतो, मग गुण कितीही असोत.

वरातीत घोडी ‘नाचते’ तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. ड्रेसाजमध्येही ‘पियाफ’ नावाची जागच्या जागी दुडकी असते आणि अजाण माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. परंतु पियाफमध्ये घोडा मागचा भाग खाली घेतो, मागचे पाय पोटाखाली आणतो व पाठ उचलून धरतो. ही ताकद यावयास वर्षे लागतात. आमची घोडी नाचे तेव्हा तिची मान वर ताठ असे, पाठ दबलेली असे आणि डोळ्यांचे पांढरे दिसत असे. तो नाच नव्हता. तोंडातल्या काट्यांपासून दूर पळण्याची धडपड होती.

तीन कसोट्या

ड्रेसाजचे महत्त्व ‘इव्हेंटिंग’मध्ये अधिक स्पष्ट होते. या स्पर्धेत एकाच घोड्याच्या तीन कसोट्या होतात: प्रथम ड्रेसाज, मग रानातील ओंडके, खंदक, पाणी ओलांडीत धावण्याची क्रॉस-कंट्री, आणि शेवटी मैदानातील अडथळ्यांवरील उड्या. मूळ ही लष्करी घोड्यांची परीक्षा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तिचा प्रथम समावेश झाला आणि सुरुवातीला ती लष्करी अधिकाऱ्यांपुरतीच होती. आपल्याकडेही बारगीर सरकारी घोड्यावर व शिलेदार स्वतःच्या घोड्यावर लढे. घोड्याचे शिक्षण हा दोघांच्याही जिवाचा प्रश्न होता.

गुणांची रीत एका उदाहरणाने सांगतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये (ही स्पर्धा २०२१ साली झाली) बंगळुरूचे फवाद मिर्झा ‘सेन्यूर मेडिकॉट’ या घोड्यावर उतरले. ड्रेसाजमध्ये मिळालेले शेकडा गुण शंभरातून वजा करतात व उरतो तो दंड. मिर्झांचा दंड २८ होता, म्हणजे त्यांना ७२ टक्के गुण मिळाले. क्रॉस-कंट्रीत ठरलेल्या वेळेपेक्षा उशिराच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंड असतो, त्यांना ११.२० दंड झाला, म्हणजे २८ सेकंदांचा उशीर. उड्यांत एक दांडी पडली की ४ दंड. तेथील दोन फेऱ्यांत त्यांना ८ आणि १२.४० दंड झाला. एकूण ५९.६० दंडासह ते तेविसावे आले. ड्रेसाजनंतर मात्र ते पहिल्या दहांत होते.

ड्रेसाजची कसोटी प्रथम का, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर आमच्या वरातीतच होते. शांत मैदानात जो घोडा स्वाराचे ऐकत नाही, तो भरधाव वेगात, भीतीच्या क्षणी ऐकेल अशी आशा करणेच चुकीचे.

सोडणे हेच शिकवणे

घोडा शिकतो कसा? दाबाने शिकतो असे आपण समजतो. वस्तुतः दाब हा केवळ प्रश्न असतो. तो थांबणे हे उत्तर असते. पायाचा हलका दाब दिला, घोडा पुढे सरला, की त्याच क्षणी दाब काढावयाचा. ‘हे बरोबर’ असे घोड्याला सांगण्याचा हाच मार्ग. दाब चालूच राहिला तर त्याला काय बरोबर ते कळतच नाही आणि तो एक तर बधिर होतो, नाही तर बंड करतो.

जखमा भरेपर्यंत आम्ही घोडीच्या तोंडात काहीच घातले नाही. मग साधी गुळगुळीत कडी आणली. कापूस निघालेल्या शेताच्या एका कोपऱ्यात वीस मीटर व्यासाचे वर्तुळ आखून मी रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटे तिला चालवू लागलो. पहिला महिना नुसते चालणे आणि थांबणे. ओढण्याची सवय माझ्या हातातून जाईना. आबा बांधावर बसून पाहत. एके दिवशी ते म्हणाले, “काऊन वढतं बे तिले? सोडशीन तवाच तिले समजीन.” कोणतेही पुस्तक न वाचलेल्या माणसाने सगळ्या पुस्तकांचे सार सांगितले. मी विचारले, “आबा, मग आपण काटेरी लगाम का वापरला?” ते बराच वेळ गप्प राहिले. नाचणाऱ्या घोडीला पैसे जास्त मिळतात, एवढेच म्हणाले.

आपल्याकडील चित्र

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक व सांघिक सुवर्ण मिळविले. मुंबईचे इम्तियाज अनीस २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळले. २०२३ साली हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकले. अनुष अगरवाला ७१.०८८, मुंबईचे हृदय छेडा ६९.९४१ आणि दिव्यकृती सिंग ६८.१७६, अशी तिघांची बेरीज २०९.२०५ झाली. चौथ्या स्वार सुदीप्ती हजेला होत्या. नियमाप्रमाणे उत्तम तीनच गुण धरले जातात.

हे स्वार वर्षानुवर्षे युरोपात राहून शिकले. घोडे महाग असतात हे एक कारण. रोगांच्या नियमांमुळे भारतातील घोडा परदेशी स्पर्धेला नेणे फार कठीण, हे दुसरे. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील लष्करी अश्वकेंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली, त्यामुळे ही अडचण कमी होण्याची आशा आहे. असो. आमच्या घोडीला कोणतीही स्पर्धा खेळावयाची नाही. परंतु ज्या नियमाने हांगझोउचे घोडे शिकले, तोच नियम कापसाच्या शेतातही चालतो, एवढे मी पाहिले आहे.

दत्तजयंतीच्या आधीच्या आठवड्यात आबांनी स्वतः लगाम हाती घेतला. घोडी त्यांच्याबरोबर वर्तुळात चालली. ते थांबले तशी थांबली. लगाम सैल होता. “यंदा राहू दे,” ते म्हणाले. घोडी आता नाचत नाही. त्यामुळे दोन-तीन लग्नांची बोलणी मोडली आणि घरात तिच्या खाण्याच्या खर्चाचा विषय अधूनमधून निघतो. तो सुटलेला नाही.

मित्रहो, लग्नसराई पुन्हा जवळ येत आहे. बँड वाजणार, फटाके फुटणार आणि लगाम माझ्याच हातात असणार. घोडी पुष्कळ शिकली आहे. त्या क्षणी माझा हात सैल राहील की नाही, ही परीक्षा मात्र माझी आहे आणि ती अजून व्हावयाची आहे.