उलटी तार आणि जादा दाब

संध्याकाळची वेळ होती. आमच्या वस्तीवर गोठ्यात सौर दिवा होता. भोवती सगळा ऊस. संगमनेर, राहुरी, अकोले या बाजूला उसात बिबट्या दडतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून गोठ्यात रात्रभर दिवा ठेवावा लागे.

त्या दिवशी आम्ही दिव्याची जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. तारा मळून काळ्या झाल्या होत्या. लाल कोणती, काळी कोणती, कळेना. "लाव कशी बी, काय होतंय!" असे म्हणून तारा जोडल्या. आत चट्‌ असा आवाज झाला. जळका वास आला. दिवा गेला तो गेलाच. ती रात्र आम्ही कंदील घेऊन गुरांपाशी बसून काढली.

दोष बॅटरीचा नव्हता, दिव्याचाही नव्हता. चूक आमची होती. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा धडा.

दोन टोके

बॅटरीला दोन टोके असतात. एक धन. त्यावर + अशी खूण असते. दुसरे ऋण. त्यावर − अशी खूण असते. बाजारात त्यांना प्लस आणि मायनस म्हणतात.

जुन्या तारेच्या बल्बला तारा उलटसुलट लावल्या तरी चालते. पण एल. ई. डी. दिवा, रेडिओ, मोबाइल यांचे तसे नाही. त्यांच्या पोटात तिळाएवढे नाजूक भाग असतात. उलटी वीज शिरली, की ते क्षणात जळतात.

विजेचा फूटव्हॉल्व्ह

विहिरीवरचा पंप आठवा. त्याच्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, माघारी येऊ देत नाही. विजेसाठीही असा एक भाग मिळतो. त्याचे नाव डायोड. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. किंमत थोडी, आकार ज्वारीच्या दाण्याएवढा.

डायोडच्या एका टोकाला पांढरा पट्टा असतो. वीज पट्ट्याच्या बाजूने बाहेर पडते. म्हणून तो धन तारेत बसवावा आणि पट्टा दिव्याकडे ठेवावा. मग तारा उलट्या लागल्या, तर दिवा पेटणार नाही. पण जळणारही नाही. या राखणीची मजुरी म्हणून डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतः खातो. तेवढे चालते.

विजेचा सांडवा

आता दुसरे संकट पाहू. ते म्हणजे जादा दाब. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात.

सूर्याची वीज आपल्या जिल्ह्याला परकी नाही. राळेगणसिद्धीच्या रस्त्यांवर सौर दिवे गेल्या शतकातच लागले. आता वस्तीवस्तीवर पॅनेल दिसते. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १२ व्होल्टचे म्हणून विकलेले पॅनेल भर उन्हात मोकळे असताना २० व्होल्टच्या वर दाब देते. भरलेल्या बॅटरीचा दाब मात्र याहून बराच कमी असतो. असे पॅनेल सरळ दिव्याला जोडले, तर दिव्याचे काय होईल?

प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. धरण भरले, की जादा पाणी सांडव्यावाटे सोडतात. नाही तर भिंतीला धोका. विजेच्या सांडव्याला झेनर डायोड म्हणतात. दाब ठरल्या आकड्याच्या वर गेला, की तो आपोआप वाट उघडतो. जादा वीज दिव्यात न शिरता बाजूने निघून जाते.

मात्र झेनरच्या आधी फ्यूज हवाच. वीज फार वाहू लागली, की फ्यूज वितळतो आणि वाट तोडतो. फ्यूज मेला, यंत्र वाचले! काही जण उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालतात. तसे करू नका. तार वितळत नाही. मग यंत्र जळते, कधी आगही लागते.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर असावा. बहुतेक कंट्रोलरना आधी बॅटरी जोडतात, मग पॅनेल, शेवटी दिवा. काढताना क्रम उलटा.

ध्यानात ठेवा

१. जोडण्याआधी + आणि − या खुणा वाचा.
२. धन तारेला लाल फीत गुंडाळा.
३. फ्यूज बॅटरीजवळ, धन तारेत बसवा. तो योग्य आकड्याचाच घ्या.
४. डायोड आणि झेनर जाणत्या कारागिराकडून बसवून घ्या.
५. हे सारे बॅटरीच्या विजेबद्दल आहे. घरची २३० व्होल्टची वीज जीव घेते. तिथे वायरमनलाच बोलवा.

आता आमच्या नव्या दिव्यात डायोड आहे. परवा घरच्या पोराने घाईत तारा उलट्या लावल्या. दिवा लागला नाही. पोरगा घाबरला. आम्ही म्हटले, "आधी खुणा वाच." त्याने खुणा वाचल्या, तारा फिरवल्या. गोठ्यात उजेड पडला.

उत्तरे द्या

१. बॅटरीच्या धन टोकावर कोणती खूण असते?
२. डायोडला फूटव्हॉल्व्ह का म्हटले आहे?
३. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार का घालू नये?