सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी?

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन परभणीला ठरलंय. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळी घरी न्या. आजोबांना याच दुखण्यासाठी आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. एवढी घाई बरी का? – एक वाचक, ता. जिंतूर

उत्तर : घाई नाही ही. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावरही डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणं झोपवून ठेवत. आज तोच रोगी दुपारी काळा चष्मा लावून घरी जातो. ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी तर १९०९ सालीच जवळपास ९ हजार ऑपरेशनांचा अहवाल मांडला होता. त्यात हर्नियाची मुलंही होती, आणि ती त्याच दिवशी आईच्या कडेवर घरी गेली होती. आता भूल लवकर उतरते आणि हर्नियाला जाळी बसवल्याने टाक्यांवर ताण येत नाही. मग वॉर्डात पडून राहण्यात फायदा कसला? म्हाताऱ्या माणसाने अंथरूण धरलं की पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते, शिवाय दवाखान्यातला जंतुसंसर्ग वेगळाच.

पण शहरातल्या रोग्याचा हिशेब जिंतूरच्या रोग्याला जसाच्या तसा लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. मध्ये चाळीसेक किलोमीटर आहेत. या ऑपरेशननंतर, विशेषतः कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर, वयस्कर पुरुषांची लघवी अडकते. पोट फुगतं, कळा येतात आणि नळी घातल्याशिवाय सुटका नसते. रात्री दोन वाजता हे झालं तर गाडी कुठून आणणार? म्हणून वडील रात्री लघवीला वारंवार उठत असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. लघवी झाल्याशिवाय, पाणी पोटात टिकल्याशिवाय आणि चार पावलं चालल्याशिवाय दवाखाना सोडू नका.

शंका असेल तर एक रात्र ठेवून घ्यायला सांगा. अनेक ठिकाणी चोवीस तासांच्या आत सोडण्याची अशी सोय असते. नाहीतर परभणीतल्या पाहुण्यांकडे मुक्काम करा. विम्याची काळजी असेल तर एवढं लक्षात घ्या : चोवीस तास भरती राहण्याची अट डे-केअर ऑपरेशनांना नसते; तरी आपल्या पॉलिसीत हर्निया कसा धरलाय ते आधी विचारून घ्या. घरी नेताना मोटारसायकलवर नेऊ नका, आणि रात्री कोण फोन उचलणार त्यांचा नंबर कागदावर लिहून घ्या.