पहिला सीझन बॉल घेताना

आमच्या तळा गावात क्रिकेटचा खरा हंगाम भात झोडून झाल्यावर सुरू होतो. खाचरं मोकळी झाली की पोरं धसकटं काढतात, पाणी मारतात, जमीन चोपून पट्टी तयार करतात आणि टेनिस बॉलवर सामने रंगतात. या खेळाला कमी लेखणाऱ्यांतला मी नाही. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला तो टेनिस बॉलवरच. पण एखाद्या मुलाला किंवा मुलीला सीझन बॉल टाकून बघावासा वाटला, की घरचे बिचकतात, कारण कुठला चेंडू घ्यायचा हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. मग दुकानदार देईल तो घ्यायचा.

आमच्याकडे असंच झालं. शिमग्याला आलेल्या एका चाकरमान्यानं मंडळाला सीझन बॉलचं अख्खं खोकं भेट दिलं. त्याचा हेतू सोन्यासारखा. पण मुंबईतल्या ज्या दुकानातून त्यानं ते घेतलं, तिथे त्याला सांगितलं होतं की लहान-मोठ्या सगळ्यांना एकच बॉल चालतो. माझा पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा. टेनिस बॉलवर त्याचा हात सुरेख वळायचा. हा चेंडू मात्र त्याच्या बोटांत मावेना, तळव्यात जाऊन बसे. दुसऱ्या टोकापर्यंत पोचवायचा म्हणून तो डावा खांदा पाडून हात आडवा फिरवू लागला आणि थोड्याच आठवड्यांत कोपर धरून बसला. डॉक्टरांनी गोलंदाजी बंद करायला सांगितली. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा भाग असतो, तो पक्का झालेला नसतो. त्यावर रोज असा ताण आला तर दुखणं मागे लागतं, हे त्यांनी आम्हाला नीट समजावलं.

त्यानंतर आम्ही ते चेंडू बाजारपेठेतल्या वाण्याच्या काट्यावर ठेवले. एकाच खोक्यातले, एकाच छापाचे. पण एक दीडशे ग्रॅमच्या आत, तर दुसरा एकशे सत्तरच्या पुढे. त्या दिवसापासून मी चेंडू वजन केल्याशिवाय घेत नाही आणि कुणाला घेऊही देत नाही.

क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या २०१७ च्या नियमावलीत आकडे स्पष्ट आहेत. पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम आणि तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅम. त्याप्रमाणे घेरही कमी होत जातो. टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा असतो, म्हणजे मोठा सीझन बॉल त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट जड. एवढी उडी एकदम मारायला लावू नका. अधेमधे जड टेनिस बॉल खेळवा, मग लहान मापाचा सीझन बॉल द्या. दुकानात 'ज्युनियर' किंवा 'महिलांचा' म्हणून स्पष्ट मागायचं. मुलगी असेल तर हे दुप्पट आग्रहानं सांगतो, कारण तिच्या हातात भावाचा जुना चेंडू देण्याची आपल्याकडे रीतच आहे. निवड चाचणीला जायचं असेल, तर तिथे कुठल्या वजनाचा चेंडू वापरतात ते आयोजकांना आधी विचारा आणि शेवटच्या टप्प्यात त्यावर सराव करा.

वजन जमलं तरी हात जुळला पाहिजे. म्हणून चेंडू घ्यायला जाताना मुलाला बरोबर न्या. पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खालून शिवणीवर. अशा पकडीत चेंडू आणि तळव्याच्या मध्ये उजेड दिसला पाहिजे. चेंडू तळव्याला टेकला, तर तो त्या हाताला मोठा आहे. पाचही बोटं लावावी लागत असतील, तर विचारच नको.

मग शिवण पाहायची. टाक्यांच्या सहा ओळी असतात, मधल्या जोडाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन. भारतातल्या कसोटी सामन्यांत वापरल्या जाणाऱ्या एसजीच्या चेंडूची सगळी शिवण हातानं घातलेली असते. कुकाबुराच्या मधल्या ओळी तेवढ्या हाताच्या, बाहेरच्या यंत्रावरच्या. नवशिक्यानं नावाच्या मागे धावू नये. टाके एकसारखे आहेत का, नख लावलं तर दोरा सुटतो का, एवढं बघावं. चेंडू दुकानाच्या काचेवर हलकेच घरंगळत सोडा. लडबडत गेला तर गोल नाही.

टू-पीस की फोर-पीस, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. टू-पीसचं आवरण चामड्याच्या दोन वाट्यांचं; फोर-पीसची प्रत्येक वाटी दोन तुकड्यांची. फोर-पीस आकार जास्त टिकवतो, पण महागही असतो. आपल्या भागात माझं मत सरळ आहे: सरावाला चांगल्या शिवणीचा टू-पीस घ्या. काथ्याची मॅट आणि भोवतीची खडी चामडं लवकर खाते, तिथे महागाचा चेंडू वाया जातो. मात्र अगदी स्वस्तातला नको. त्याच्या आत नीट गुंडाळलेल्या बूच-लोकरीऐवजी काहीही कडक गोळा भरलेला असतो. तो बॅटीला झिणझिण्या आणतो आणि झेल घेणाऱ्याचं बोट सुजवतो.

आणि कृपा करून खाचरातल्या पट्टीवर सीझन बॉल खेळवू नका. तिथे टेनिस बॉल उसळला तर चटका बसतो, सीझन बॉल उसळला तर दात जातो. घट्ट ताणून खिळलेली मॅट हवी, पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट हवं. जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकालासुद्धा. भारताकडून खेळलेला रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होता. डोक्याला चेंडू लागून त्याचा जीव गेला. ज्या मंडळाकडे एकच हेल्मेट आहे, त्यानं चेंडूंआधी दुसरं हेल्मेट घ्यावं.

माणगाव-रोह्याला मनासारखं माप मिळालं नाही, तर मुंबईला जाणाऱ्या कुणालातरी धोबी तलावला पाठवा. तिथे खेळाच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत, चार ठिकाणी हाताळून घेता येतं. पहिला चेंडू लालच घ्या. पांढरा मातीत पटकन मळतो.

तळ्याच्या हवेत चेंडूचा मोठा वैरी ओल. दहिवर उतरलेल्या गवतावरून फिरलेला चेंडू पाणी पितो, जड होतो. तो उन्हात ठेवला की चामडं आखडून तडकतं. कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत, वारा लागेल असा ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर बुरशी धरते. शिवण उसवली की गोलंदाजीतून बाद करा, पण टाकू नका. जुन्या मोज्यात घालून पडवीच्या वाशाला टांगला, तर पावसाळाभर बॅटिंगचा सराव होतो.