तिथीची वही, तासांची वही

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात गीता, रामरक्षा, अथर्वशीर्ष, श्रीसूक्त शिकवून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बायका आज पुष्कळ आहेत. कोणी सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवतं, कोणी स्वतःच्या घरी, कोणी मोबाइलवर. आमच्याकडे हजेरीपट नसतो, वर साहेब नसतो, महिनाअखेर कोणी हिशेब मागत नाही. त्यामुळे आपलं टिपण आपणच ठेवायला हवं, हे सगळ्यांना पटतं. पण त्यात लिहायचं काय, याचा विचार फार कमी जणी करतात. महिन्यात किती वर्ग झाले आणि दक्षिणा किती जमली, एवढंच माझ्याही वहीत असायचं. २०२३ च्या पावसाळ्यात ती वही मला चांगलीच महागात पडली.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. आषाढी एकादशी २९ जूनला आणि कार्तिकी २३ नोव्हेंबरला, म्हणजे चातुर्मास जवळजवळ पाच महिन्यांचा. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक मास, म्हणजे पुरुषोत्तम मास. गीतेच्या पंधराव्या अध्यायाचं नावच पुरुषोत्तमयोग, त्यामुळे महिनाभर रोज तो म्हणायचा नेम पुष्कळ घरांत असतो आणि तो शिकवा म्हणून फोन येत राहतात. अधिक मास संपतो न संपतो तोच निज श्रावण, मग १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि तिच्याआधी अथर्वशीर्षाच्या आवर्तनांसाठी बायकांचे गट, पितृपक्ष उलटताच १५ ऑक्टोबरपासून नवरात्र. मी एकालाही नाही म्हटलं नाही. सकाळी डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात, दुपारी कल्याणला खडकपाड्याला, संध्याकाळी ठाण्यात नौपाड्याला. वहीत बघितलं तर इतका चांगला महिना आधी कधी झालाच नव्हता.

गणपतीत आवाज बसला. डॉक्टरांनी बोलणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं. नवरात्रातले गट दुसऱ्या बाईंकडे सोपवावे लागले, आणि लहान मुलांचे जुने वर्ग एकदा तुटले ते पुन्हा नीट जुळले नाहीत. पैशांचं नुकसान हळूहळू भरून निघालं. मनाला लागलं ते वेगळंच. आवाज आल्यावर मुलांकडून पंधरावा अध्याय म्हणवून घेतला, तेव्हा सगळा वर्ग ठरावीक ठिकाणी विसर्ग गिळत होता आणि दीर्घ अक्षरं आखडत होता. त्यांनी ते माझ्याकडूनच उचललं होतं. त्या तीन महिन्यांत मी दिवसभर इतरांना म्हणून दाखवत होते, पण शांत बसून, पुस्तक समोर धरून माझं स्वतःचं पठण एकदाही केलं नव्हतं. शिकवणाऱ्याचा उच्चार ढिला पडतो तो असा, कोणाच्या लक्षात न येता.

तेव्हापासून मी वहीत तासांचे चार रकाने आखते: स्वतःचं पठण, तयारी, प्रत्यक्ष शिकवणं आणि प्रवास. हाच क्रम. दक्षिणेची नोंद मागच्या पानावर.

प्रवासाचा रकाना सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात डोळे उघडतात. डोंबिवली पूर्वेहून खडकपाड्याला एक तास शिकवायला जायचं तर स्टेशन गाठणं, गाडीची वाट बघणं, कल्याणला उतरून पश्चिमेला जाणं, शेअर रिक्षाची रांग, आणि हे सगळं पुन्हा उलट. एका तासाच्या वर्गापायी अर्धा दिवस जातो. ठाण्याचं अंतर जास्त असलं तरी फास्ट गाडी मिळाली तर वेळ कमी लागतो. शिळफाट्याच्या रस्त्याने यायचं ठरवलं तर काहीच सांगता येत नाही. रविवारी तर मेगाब्लॉक. मुलांना सुटी म्हणून रविवार सोयीचा, आणि नेमका त्याच दिवशी दुपारच्या गाड्या रखडतात. म्हणून शनिवारच्या वर्तमानपत्रात ब्लॉकची वेळ बघितल्याशिवाय रविवारचा दुसऱ्या गावचा वर्ग पक्का करू नका. त्याहून चांगलं म्हणजे एका दिवशी एकच गाव ठेवा. सोमवार-गुरुवार कल्याण, मंगळवार-शुक्रवार ठाणे, असं ठरवून टाका. एखादा गट त्या वारी जमणार नाही म्हणाला तर त्याला मोबाइलवर शिकवा किंवा दुसरं नाव सुचवा. असं सांगताना मला अजूनही जड जातं, पण सांगते.

स्वतःच्या पठणाचा रकाना मी पहिला ठेवते, कारण बाकीच्या तिन्हींमागे कोणीतरी लागलेलं असतं. वर्गाला विद्यार्थी वाट बघतात, तयारीला उद्याचा वर्ग असतो, प्रवासाला गाडीची वेळ असते. पठणाची वाट कोणीच बघत नाही. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात दिनचर्या सांगितली आहे, त्यात पहाटे उठल्यावर काही पाठांतर करावं हे आधी येतं, प्रपंचाची कामं नंतर. घरातली उठायच्या आधीचा अर्धा तास मी त्याला दिला आहे. संपूर्ण गीता सातशे श्लोकांची. न घाई करता म्हणायला साधारण तीन तास लागतात. रोज अर्धा तास दिला तर आठवड्यात एक आवर्तन होऊन थोडा वेळ उरतो. त्या उरलेल्या वेळात मी अडलेल्या जागा जुन्या पुस्तकात बघते.

आता महिन्याच्या उद्दिष्टाबद्दल. आपला महिना इंग्रजी तारखांवर आखून चालत नाही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. तो फरक दर दोन-तीन वर्षांनी अधिक मासात भरून निघतो. त्यामुळे गेल्या वर्षी सप्टेंबरात जितकं काम होतं तितकं यंदाही असेल, हे गृहीत धरणं चुकीचं. १९७३ पासून आपल्या भिंतींवर असलेल्या कालनिर्णयात तारीख आणि तिथी एकाच चौकोनात मिळतात. नवं कॅलेंडर हाती आलं की मी वर्षभरातले माझे गर्दीचे आणि रिकामे पंधरवडे खुणा करून ठेवते. चातुर्मास, मार्गशीर्षातली गीता जयंती आणि तिच्या आगेमागे होणाऱ्या पठण स्पर्धा, माघातली दासनवमी, चैत्रातली रामनवमी ही गर्दी. पितृपक्ष, मार्चमधल्या परीक्षा आणि मे महिन्यातलं गावाला जाणं ही ओढ. गर्दीच्या पंधरवड्यात नवं उद्दिष्ट धरायचं नाही. ओढीच्या पंधरवड्यात नवा अध्याय स्वतः पाठ करायचा, आणि गर्दीतल्या दक्षिणेतला ठरलेला भाग या दिवसांसाठी बाजूला काढून ठेवायचा.

उद्दिष्ट किती धरायचं, याचा हिशेब मुलांच्या आईवडिलांसमोर मांडला तर पुढची कुरबुर टळते. बारावा अध्याय वीस श्लोकांचा, पंधरावाही वीसच. एक नवीन श्लोक चरणाचरणाने संथा देऊन, वर्गाकडून म्हणवून, मग एकेका मुलाकडून म्हणवून घ्यायला दहा-बारा मिनिटं लागतात. तासाभराच्या वर्गात मागची उजळणी धरून दोनच नवे श्लोक नीट होतात. आठवड्यात दोन वर्ग म्हटले तर वीस श्लोकांना पाच आठवडे, आणि पक्के व्हायला आणखी तीन. म्हणजे एका अध्यायाला दोन महिने. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असताना कोणी म्हणालं, ‘ताई, तेवढा बारावा करून घ्या ना’, तर मी हेच गणित सांगते आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी नाव लिहून घेते. महिन्याच्या शेवटी ‘इतके श्लोक शिकवले’ असं मी आता लिहीत नाही. पुस्तक मिटून, एकट्याने, न अडखळता कितीजण म्हणतात, ते लिहिते. हा आकडा लहान असतो. पण पुढच्या महिन्याची आखणी याच आकड्यावर करता येते.

गीता परिवाराचे ऑनलाइन वर्ग २०२० पासून विनामूल्य चालतात आणि त्यांचा लाभ लाखो लोक घेतात. आपलं काम बुडेल म्हणून त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्या काही जणी मला भेटल्या आहेत. मला तसं वाटत नाही. तिथे ओळख झालेली माणसं समोर बसून उच्चार सुधारून घ्यायला आपल्याकडे येतात. त्यांना तोंडाजवळ बसवून ऱ्हस्व-दीर्घ दाखवणं हेच आपलं काम, आणि त्याची दक्षिणा आधी सांगून घेण्यात संकोच नको. जिथे ऐपत नाही तिथे घेऊ नये. पण तोही वर्ग तासांच्या वहीत आलाच पाहिजे, कारण त्यालाही आपला घसा आणि वेळ लागतो.

२०२६ चा अधिक मास ज्येष्ठात येतो, १७ मे ते १५ जून. म्हणजे एरवी ओढीचे म्हणून खुणा केलेले दिवस गर्दीचे होणार: मुलं गावाला, मोठ्यांची पंधराव्या अध्यायाची मागणी, आणि महिना संपतो त्याच सुमाराला शाळा उघडणार. त्यानंतरचा अधिक मास २०२९ मध्ये, चैत्राचा, त्यामुळे त्या वर्षी रामनवमीच लांबते. ज्या ताई, ज्या काकू नव्याने वर्ग सुरू करत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वहीत पहिला रकाना स्वतःच्या पठणाचा आखा, आणि तेवढ्या अर्ध्या तासात कोणाचाही फोन घेऊ नका.