उपस्थाता : चिकित्सेचा तिसरा पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी ते पाठ केले. परंतु उपस्थात्याकडे, म्हणजे रुग्णाच्या घरच्या माणसाकडे, प्रत्यक्ष चिकित्सेत आपले दुर्लक्षच होते. कर्करोगात ते घातक ठरू शकते.

खंडाळ्यातील एका गृहस्थांच्या पत्नीवर मुंबईत केमोथेरपी सुरू होती. नवव्या दिवशी रात्री, भर पावसात, ते आमच्याकडे तापाचा काढा मागण्यास आले. काढा न देता आम्ही त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठविले. केमोथेरपीनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप हीही आत्ययिक अवस्था होय. त्यांनी ताप मोजलाच नव्हता, कारण मोजावयाचा असतो हे आम्ही कधी सांगितले नव्हते. चूक आमची होती.

चरकांनी उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत. आजच्या कर्करुग्णाच्या घरी त्यांचा अर्थ असा घेता येईल :

१. उपचारज्ञता : औषधांच्या वेळा, पुढील तारीख व रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक एका वहीत असावा. आपण दिलेले प्रत्येक औषध त्याच वहीत लिहून तेथील डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्या संमतीविना काहीही देऊ नये.

२. दाक्ष्य : तोंड आले असता पेज, मऊ भात, मुगाचे वरण कोमट व थोडे थोडे द्यावे. खाण्याची सक्ती करू नये. कर्करुग्णास व सोबतच्या एका व्यक्तीस उपचारार्थ प्रवासासाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते. मुंबईच्या फेऱ्या करणाऱ्या मावळातील कुटुंबांना हे अवश्य सांगावे.

३. शौच : हात धुणे, पाणी उकळून देणे, सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना नम्रपणे दूर ठेवणे.

४. अनुराग : हा गुण शिकविता येत नाही, पण त्याला वाट दाखविता येते. “तुला काही होणार नाही,” असे म्हणण्यापेक्षा “तुला कशाची भीती वाटते?” असे विचारून ऐकत बसावे.

अनुरागाला कृतीची जोड मिळाली म्हणजे काय घडते, याची साक्ष परळला आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पती सर दोराबजी यांना अशा उपचारांची सोय आपल्या देशात व्हावी असे वाटे. तेही १९३२ मध्ये गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले.

उपस्थाताही थकतो. त्याची झोप व जेवण यांची विचारपूस करणे, आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या नातेवाइकाने जागावे असे सुचविणे, हेही आपलेच काम आहे. रुग्णाची नाडी पाहून झाल्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बसावयास सांगावे. त्या रात्रीपासून आम्ही तसे करीत आहोत.