नागपूरहून सातपुड्यात : नव्या जोडप्यासाठी हनिमूनची आखणी

लग्नाची तारीख पक्की झाली की हॉल, केटरर, पत्रिका, आहेराच्या साड्या यांच्या याद्या दोन्ही घरांत सुरू होतात. हनिमूनचं मात्र 'बघू नंतर' असंच राहतं. मग लग्नाला पंधरा दिवस उरले असताना घाईघाईत कुठलं तरी पॅकेज घेतलं जातं. सात दिवसांच्या सुट्टीतले दोन-अडीच दिवस विमानतळावर आणि टॅक्सीत जातात. लग्नाच्या धावपळीने आधीच दमलेलं जोडपं आणखी दमून घरी येतं.

नागपूरकरांना याची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की काही तासांत सातपुडा सुरू होतो. खोल दरी, थंड हवेचं गाव, धबधबे, वाघाचं जंगल, होडीतून ओलांडायची नदी हे सगळं एका सलग प्रवासात बसतं. पचमढीचं आणि नागपूरचं नातं तर जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा ब्रिटिश अधिकारी पचमढीच्या पठारावर पोहोचला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना उन्हाळ्यात सरकारी कारभार पचमढीला हलायचा. १९५६ मध्ये प्रांतरचना बदलली आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली, पण महादेवाच्या यात्रेला विदर्भातून जाणारी रीघ थांबलेली नाही.

तारीख आधी, ठिकाण नंतर

हनिमूनची तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची कधीही धरू नका. मांडवपरतणी, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन हे आपल्याकडे टळत नाही आणि टाळूही नये. लग्नानंतर चार-पाच दिवस घरच्यांसाठी मोकळे ठेवा, त्यानंतरच निघा. परतीचा दिवस ठरवताना ऑफिसात रुजू होण्याच्या आधी एक पूर्ण दिवस घरी मिळेल असं पाहा. रजेचा अर्ज याच हिशेबाने द्या.

आता ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लग्नाचाही हंगाम आणि सातपुड्याचाही. हवा स्वच्छ असते, दऱ्या लांबपर्यंत दिसतात. पचमढीत डिसेंबर-जानेवारीत पारा दोन-चार अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा नागपूरच्या थंडीचे कपडे तिथे पुरत नाहीत. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सोडा. खोल्या महाग होतात आणि प्रत्येक पॉइंटवर जत्रा असते.

एप्रिल-मेमध्ये लग्न असेल तर नागपूरच्या ४५ अंशांतून पचमढीच्या पठारावर गेल्यावर संध्याकाळी जीवात जीव येतो. दुपार तिथेही तापते आणि धबधबे बारीक होतात. पण पाणवठे आटल्यामुळे जंगलात प्राणी दिसण्याची शक्यता याच दिवसांत जास्त.

पावसाळ्यात सातपुडा सगळ्यांत देखणा दिसतो, मात्र १ जुलै ते ३० सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पांचा गाभा बंद असतो. शिवाय श्रावणात नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीची यात्रा भरते आणि विदर्भातून हजारो भाविक पचमढीत उतरतात. महाशिवरात्रीला चौरागढावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांची तशीच गर्दी असते. भक्तिभावाने जायचं असेल तर हेच दिवस उत्तम; दोघांना निवांतपणा हवा असेल तर पंचांग बघून हे दोन्ही काळ टाळा. माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, ऑक्टोबर-नोव्हेंबर. धबधब्यांना पाणी असतं, जंगल उघडलेलं असतं आणि थंडी नुकती लागलेली असते.

मुक्काम मोजून घ्या

आखणीत हमखास चुकणारी गोष्ट ही आहे. लोक ठिकाणांची यादी करतात आणि रोज सामान बांधतात. त्याऐवजी हातात किती रात्री आहेत ते लिहा आणि एका ठिकाणी किमान दोन रात्री धरा. वाटेतला एखादा मुक्काम एवढाच याला अपवाद.

सहा रात्री असतील तर वाटेतल्या तामियाला एक, पचमढीला तीन आणि व्याघ्र प्रकल्पाच्या मढईला दोन. मढईहून इटारसी, बैतूल, मुलताई या रस्त्याने नागपूर गाठा म्हणजे आलेल्याच रस्त्याने परतावं लागत नाही. मुलताई हे तापीचं उगमस्थान, तिथे अर्धा तास थांबता येतं. आठ-नऊ रात्री असतील तर मढईहून जबलपूरला जा, दोन रात्री भेडाघाटात राहा आणि शिवनीमार्गे पेंचला एक मुक्काम करून परत या. अशाने बहुतेक रस्ते दोनदा लागत नाहीत. चारच रात्री असतील तर तीन पचमढी, एक तामिया आणि बाकी सगळं पुढच्या खेपेला.

महाराष्ट्रातच राहायचं असेल किंवा सुट्टी तीन रात्रींची असेल तर चिखलदरा निवडा. अमरावती-परतवाड्यामार्गे जाता येतं. भीमकुंड, पंचबोल पॉइंट आणि गाविलगड आरामात होतात, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे. पुढे मेळघाटात सिपना नदीकाठी कोलकासला राहायला मिळालं तर दोघांना यापेक्षा शांत जागा मिळणार नाही.

वाट आणि मुक्काम

नागपूर ते पचमढी हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाटामुळे एका दिवसात ते अंगावर येतं. सकाळी निघा. सौंसरपर्यंत रस्त्याकडेला मराठी ऐकू येते आणि हंगामात संत्र्यांचे ढीग दिसतात. जामसावळीला निजलेल्या हनुमानाचं दर्शन घेऊन पुढे जाणारी जोडपी पुष्कळ असतात. त्यानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. छिंदवाड्यात जेवण करा, गाडीची टाकी भरा आणि एटीएममधून रोख काढून घ्या. पुढे तामिया, पातालकोट, मढई या भागात नेटवर्क जातं-येतं आणि फोनवरून पैसे देता येतीलच असं नाही.

तामियाचा मुक्काम लोक गाळतात; मी तो मुद्दाम सुचवते. इथून पातालकोट जवळ आहे. पठाराच्या काठावर उभं राहिलं की हजार-बाराशे फूट खाली दरीत शेतं आणि घरं दिसतात. त्या दरीत भारिया आणि गोंड समाजाची बारा गावं आहेत. खाली उतरलात तर ती लोकांची घरं आहेत हे विसरू नका. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका, कोणी चहा-पाणी विचारलं तर घ्या आणि गावातल्या माणसाकडून मध किंवा जे काही मिळेल ते विकत घ्या.

तामियाहून मटकुलीला या, तिथून घाट चढून पचमढी. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. बाजारापासून थोडं दूर, झाडीतल्या जुन्या बंगल्यात खोली मिळाली तर ती घ्या. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाचे रॉक एंड मॅनर, ग्लेन व्ह्यू, चंपक बंगला यांसारखे ब्रिटिशकालीन बंगले इथे आहेत. गुलाबपाकळ्यांची सजावट आणि मेणबत्त्यांचं जेवण असलेल्या 'हनिमून पॅकेज'चे जादा पैसे देण्यापेक्षा तेच पैसे व्हरांडा असलेल्या खोलीत घाला. सकाळचा चहा तिथेच घेता येईल.

दुसऱ्या दिवशी जिप्सी ठरवा. बी फॉल, धूपगढ अशा वनखात्याच्या हद्दीतल्या पॉइंटांवर स्वतःची गाडी नेता येत नाही, नोंदणी असलेली जिप्सीच घ्यावी लागते. ठरवताना पॉइंटांची नावं आणि परवान्याचे पैसे भाड्यात धरले आहेत का, हे आधी बोलून घ्या. बी फॉल सकाळी करा, कारण उतरायला सोप्या वाटणाऱ्या त्या पायऱ्या चढताना दम काढतात आणि दुपारी ऊन लागतं. जटाशंकर, पांडव लेणी आणि १८७५ मधलं क्राइस्ट चर्च गावाजवळच आहे, ते एका संध्याकाळी होतं. जटाशंकर आणि महादेव इथे माकडं सराईत आहेत, हातात खाण्याची पिशवी ठेवू नका.

धूपगढ हे सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, १३५० मीटरच्या वर. सूर्यास्ताला सगळी पचमढी तिथे येते, म्हणून तासभर आधी पोहोचा. सूर्योदयाची बाजू त्या वेळी जवळजवळ रिकामी असते, तिथे बसा. उन्हं कलली की समोरच्या डोंगररांगा एकेक करून निळ्या होत जातात आणि शेवटी मागची रांग कुठली आणि ढग कुठला, ते कळेनासं होतं. सूर्य बुडाला की लगेच सगळ्या जिप्स्या खाली सुटतात. उघड्या गाडीत घाटातला वारा कानांत घुसतो आणि दुसऱ्या दिवशी सर्दी ठरलेली. शाल, कानटोपी आणि जाड मोजे सोबत न्याच.

पचमढीच्या तीन दिवसांतला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. त्या दिवशी पॉइंट नाही, जिप्सी नाही. कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांवरून पायी फिरा, भूक लागेल तेव्हा जेवा. ठरवून झालेल्या लग्नात दोघांना निवांत बोलायला मिळणारा बहुधा हाच पहिला दिवस असतो.

मढई हे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं प्रवेशद्वार, सोहागपूरजवळ देनवा नदीच्या काठावर. जंगल पलीकडच्या तीरावर आहे. पहाटे अंधारात काठावर जायचं, होडीत बसायचं. पाण्यावर धुकं असतं, पलीकडची झाडं आधी दिसतच नाहीत आणि होडी मध्यावर आली की हळूहळू उभी राहतात. जिप्सी पलीकडे तयार असते. इथे वाघ दिसण्याची हमी कोणी देत नाही. गवे, अस्वलं, पक्षी मात्र भरपूर. वाटाड्याबरोबर पायी जंगलात फिरण्याची सोय हे सातपुड्याचं वैशिष्ट्य आहे. दोघांनी एक सफारी गाडीतून आणि एक पायी किंवा होडीतून करावी. फक्त वाघच बघायचा असेल तर मढईऐवजी पेंचच्या तुरिया दरवाजाला दोन रात्री द्या, तो नागपूरहून जेमतेम दोन-अडीच तासांवर आहे.

भेडाघाटात संगमरवरी कड्यांमधून नर्मदेत होडी चालते, धुवांधार धबधबा जवळच कोसळत असतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात. पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर चांदण्यातली फेरी मिळते का ते आधीच विचारून ठेवा.

बुकिंग करताना

क्रम असा ठेवा : आधी सफारी, मग खोल्या, मग गाडी. सफारीचे परवाने मर्यादित असतात आणि हंगामात लवकर संपतात. खोली कुठे ना कुठे मिळते. मध्य प्रदेशच्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी नसते, तेवढं पाहून मढईचे दिवस ठरवा.

दुसरी गोष्ट नवरीच्या नावाची. सासरचं आडनाव लावून बुकिंग केलं आणि आधार कार्डावर माहेरचं नाव असलं, तर सफारीच्या दरवाजावर आणि रेल्वेत अडचण येते. ओळखपत्रावर जे नाव आहे तेच, अक्षर न बदलता, सगळीकडे द्या. दोघांचीही मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा.

गाडीचं गणित वेगळं आहे. पचमढीत जिप्सीच लागते, त्यामुळे भाड्याची टॅक्सी सोबत ठेवलीत तर ती तीन दिवस उभी राहते आणि चालकाच्या मुक्कामाचे पैसे लागतात. स्वतःची गाडी असेल आणि घाटात चालवायची सवय असेल तर ती न्या. नसेल तर टॅक्सी फक्त एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला सोडण्यापुरती ठरवा. रेल्वेने जायचं तर इटारसीला गाडी बदलून पिपरियाला उतरा. तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर आहे.

बॅग भरण्याआधी

दोघांनी एकदा बसून न लाजता बोला. घाटात कोणाला मळमळतं, उंचीची भीती कोणाला आहे, कोण शाकाहारी, पहाटे उठायला कोणाची तयारी नाही. पाळीच्या तारखेचाही विचार करून दिवस ठरवा. पायऱ्या आणि पहाटेच्या सफारी त्या दिवसांत येऊ नयेत. नवऱ्यानेच हे आपणहून विचारलं तर उत्तम. गर्भनिरोधनाबद्दलही निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्या. पचमढीच्या बाजारात तो प्रश्न सोडवायची वेळ येऊ देऊ नका.

मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं घरीच ठेवा. लग्नातल्या जड साड्यांपैकी एकही लागत नाही. जंगलासाठी खाकी, मातकट, हिरवे कपडे घ्या, अत्तर लावू नका. नवे सँडल नेऊ नका, पायाला सरावलेले बूट न्या. ताप, उलटी, पोट बिघडणं यांची औषधं आणि बँडेज एका डब्यात घाला.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रोज रात्री एकदा फोन करू, आणि नेटवर्क नसेल तर काळजी करू नका. मुक्कामांचे पत्ते आणि फोन नंबर लिहून दोन्ही घरी द्या. आईवडिलांना एवढं पुरतं, आणि तुम्हालाही दिवसभर फोन उचलावे लागत नाहीत.

लग्नाची तारीख ठरली असेल तर आज संध्याकाळी दोघांनी मिळून किती रात्री मिळतात ते ठरवा, आणि केटररला आगाऊ रक्कम द्याल त्याच आठवड्यात सफारीचं बुकिंग करून टाका.