खाण सातासमुद्रापार, झळ भोरात

भोरमध्ये माझं इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि सौर पंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. निम्मं काम हिरडस मावळात आणि वेळवंड खोऱ्यात, निम्मं वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. लिथियम, कोबाल्ट, निकेल, डिस्प्रोसियम ही नावं माझ्यापर्यंत आली ती घाऊक व्यापाऱ्याच्या फोनवरून: ‘माल नाही’, ‘भाव बदललाय’. त्या फोनांनी जे शिकवलं, ते इथे मांडतो.

१. आपल्या काळ्या दगडात लिथियम शोधू नका.
तोरणा, राजगड, रायरेश्वर हे सगळे डोंगर लाव्हाच्या थरांचे, बेसाल्टचे. जगात लिथियम मुख्यतः दोन ठिकाणी मिळतं: ग्रॅनाइटी खडकांतल्या पेग्मटाइटच्या शिरांत, नाहीतर चिली-अर्जेंटिनासारख्या देशांतल्या खाऱ्या सरोवरांत. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी भागात ५९ लाख टन साठ्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला, तेव्हा आता बॅटऱ्या स्वस्त होणार म्हणून गावोगाव विचारणा झाली. पण तिथल्या लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. अंदाज, सखोल तपासणी, परवानगी, खाण, शुद्धीकरण, मग बॅटरी. या वाटेवर सहज दहा-पंधरा वर्षं जातात. बातमी ऐकून खरेदी पुढे ढकलू नये.

२. खाणवाल्यापेक्षा भट्टीवाला मोठा.
जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून निघतं, निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियातून. दुर्मिळ मृदा धातूंचं शुद्धीकरण मात्र सुमारे ९० टक्के एकट्या चीनमध्ये होतं. भोरकरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं. जमिनी आमच्या खोऱ्यातल्या बुडाल्या आणि कालव्यांवर ऊस उभा राहिला बारामती-फलटणकडे. पानशेतचं पाणीही वेल्ह्यात साठतं आणि पुण्याच्या नळाला येतं. खनिजांच्या देशांची तीच तक्रार आहे. म्हणून इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली आणि भट्ट्या आपल्या देशात आणवल्या. भांडवल बरंचसं चिनीच आलं, जंगलांनीही किंमत मोजली. पण कच्चा माल विकून फक्त मजुरी हाती पडते, हे त्यांनी ओळखलं.

३. मूठभर चुंबकासाठी अख्खी गाडी अडते.
४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकवणारे हेच दोन धातू. त्याच वर्षी जुलैत बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जाहीर सांगितलं, की चुंबकांअभावी ऑगस्टमध्ये कंपनीच्या विजेवरच्या गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. बजाजचं आकुर्डी भोरहून दोन तासांच्या वाटेवर, पण तिथली कारखान्याची घंटा बीजिंगच्या एका कागदावर अवलंबून! तेव्हापासून विजेवरची गाडी घेणाऱ्याला मी सांगतो, की गाडी कधी मिळणार ती तारीख आणि सुटे भाग मिळण्याची हमी, दोन्ही लेखी घ्या.

४. भाव चढतो लिफ्टने, उतरतो जिन्याने.
२०२२ च्या अखेरीस चीनच्या बाजारात लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलं. २०२४ च्या सुरुवातीला ते एक लाखाच्या आसपास होतं. दुकानातली बॅटरी मात्र सहापट स्वस्त झाली नाही आणि होणारही नव्हती. बॅटरीत तांबं, ॲल्युमिनियम, ग्रॅफाइट, कंट्रोलर, पेटी आणि वाहतूकही असते. शिवाय डॉलरचा भाव आणि व्यापाऱ्याकडचा महाग घेतलेला जुना माल. पण ‘लिथियम महागलंय’ हे उत्तर बाराही महिने चालत नाही. दोन ठिकाणी भाव विचारा.

५. शेतकऱ्याला हा व्यापार जुनाच आहे.
केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. तिच्यात लिथियमच्या जोडीला पोटॅश आणि फॉस्फरसही आहेत. भातखाचरात दहा-सव्वीस-सव्वीस खत टाकणाऱ्या आमच्या माणसाने पोटॅशचा जागतिक बाजार कधीच सोसलाय. हे पोटॅश जवळजवळ पूर्ण आयात होतं. बेलारूसवर निर्बंध आले, २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पोत्यांचे भाव भडकले. ‘आम्हाला काय करायचंय त्या खनिजांशी’ म्हणणाऱ्याला मी ही यादी दाखवतो.

६. कंपनीच्या आधी बॅटरीचं रसायन विचारा.
एलएफपी बॅटरीत लोह आणि फॉस्फेट असतं. निकेल, कोबाल्ट नसतं. ती थोडी जड आणि जागा खाणारी, पण उन्हातापात टिकणारी. वेल्ह्यातल्या वाडीवरच्या घराला वजनाची अडचण नाही, तिथे हीच बरी. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान मांडलं. सोडियम मिठातला, कुणाच्या परवान्यावाचून मिळणारा. माझ्या फळीवर तो माल अजून आलेला नाही; पण खनिजाच्या मक्तेदारीला खरं उत्तर असंच, पर्यायातून निघतं.

७. आपली खाण भंगारात आहे.
शिशाच्या जुन्या बॅटरीला दुकानात बदली भाव मिळतो, म्हणून ती परत येते आणि शिसं पुन्हा वापरात जातं. लिथियमचा पॅक मात्र गोठ्याच्या माळ्यावर पडून राहतो किंवा भंगारवाला हातोड्याने फोडतो. फोडताना तो पेट घेऊ शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशा टाकाऊ मालातून खनिजं काढण्यासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. पण कारखान्याला माल लागतो, आणि तो तालुक्याच्या गावातून गोळा झाला नाही, तर योजना कागदावरच राहील. अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात भारताच्या ‘काबिल’ कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये १५,७०३ हेक्टरचे लिथियमचे पट्टे मिळवले, ते चांगलंच झालं. पण तिथलं लिथियम यायला वेळ आहे, आणि माळ्यावरचं आजच घरात आहे.

तेव्हा भोर-वेल्ह्यातल्या सगळ्यांना एकच विनंती. नवी बॅटरी घेताना बिलावर तिचं रसायन आणि जुनी परत घेण्याची अट लिहून घ्या. जुना लिथियम पॅक फोडू नका, पुरू नका, किलोवर विकू नका. आणि ग्रामपंचायतींनी सुक्या कचऱ्यासोबत बॅटऱ्यांसाठी एक वेगळी पेटी ठेवावी. तिला फार पैसा लागत नाही.